आमच्या ट्रकचे इंजिन



गुरुजींनी या वेळच्या भित्तिपत्रकासाठी घरात घडलेला एक प्रसंग लिहायला सांगितला आहे. कोणी मामाच्या लग्नाचे लिहिले, कोणी म्हैस व्याल्याचे लिहिले. मी आमच्या ट्रकच्या इंजिनाचे लिहितो. त्यात माझी एक चूक आहे. तीही लिहितो.

आमचे गाव कऱ्हाडजवळ आहे. जमीन थोडी, म्हणून आण्णांनी जुना ट्रक घेतला. ते स्वतःच चालवतात. जाताना कांदा नाहीतर गूळ भरून चिपळूणला जायचे आणि येताना तिकडचा जांभा चिरा आणायचा. वाटेत कुंभार्ली घाट लागतो. आमच्या घराचा खर्च, बँकेचा हप्ता, सगळे त्या ट्रकवर.

ट्रक दारात असला की सकाळी रेडिएटरमध्ये पाणी भरायचे काम माझे. मार्च महिन्यातल्या एका रविवारी मी बादलीने पाणी भरले. खाली वाकून बादली उचलताना पाहिले, तर रेडिएटरच्या खालच्या नळीपाशी थेंब थेंब पाणी गळत होते. जमीन तळहाताएवढी ओली झाली होती. तेवढ्यात पोरांनी हाक मारली, "चल की, टॉस झाला!" मला वाटले, नंतर सांगू. मी बॅट घेऊन पळालो. आण्णा गाडी घेऊन गेले आणि ते सांगायचे राहूनच गेले.

संध्याकाळी फोन आला. चिरा भरून घाट चढताना इंजिनातून खडखड आवाज आला, बोनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी माल दुसऱ्या गाडीत भरला आणि आमचा ट्रक टोचन करून आणला. आपला ट्रक दुसऱ्याच्या मागे ओढत आलेला बघून आजीने पदर डोळ्याला लावला.

फिटरमामांनी ऑईलची पट्टी ओढून बघितली. ऑईल ताकासारखे पांढुरके झाले होते. ते म्हणाले, "ऑईलात पाणी गेलंय. इंजिन जाम झालंय. आता नुसत्या डागडुजीनं भागायचं नाही."

त्या रात्री आमच्या ओट्यावर बैठक बसली. आण्णा, काका, फिटरमामा आणि शेजारचे दोन ट्रकवाले. ताई चहा देत होती. ताईला जूनमध्ये नर्सिंगला घालायचे होते. तिच्या फीचे पैसे आण्णांनी दोन वर्षे साठवले होते. इंजिनाला पैसे कुठून येणार, हे तिला कळत होते, पण ती काही बोलली नाही.

काका म्हणाले, "नवं कोरं इंजिन टाक. गॅरंटी मिळते, डोक्याला ताप नको." आण्णांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. नव्या इंजिनाला एवढे पैसे लागत होते, की जुन्या ट्रकला तेवढी किंमतच आली नसती. शिवाय आणखी कर्ज.

एक ट्रकवाले म्हणाले, "मुंबईला कुर्ल्यात जुनी इंजिनं मिळतात. आणायचं, चार दिवसांत बसवायचं, धंदा सुरू." हे सगळ्यांना पटले. पण फिटरमामा म्हणाले, "वरनं रंग दिलेलं असतं. आत काय हाय, ते उघडल्याशिवाय कळत नाही. कागद साफ पाहिजेत. आर.सी. बुकात इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदललं की आर.टी.ओ.त जाऊन नोंद करावी लागते. चोरीचं निघालं तर गाडी बी जायची."

तिसरी वाट म्हणजे आपलेच इंजिन उतरवून पुन्हा बांधायचे. त्याला तीन आठवडे लागणार आणि तेवढे दिवस कमाई बंद. उघडल्यावर खर्च किती निघेल, तेही आधी सांगता येत नाही.

आण्णांनी विचारले, "मामा, तुम्ही काय कराल?"

फिटरमामा म्हणाले, "आधी मला सांगा, पाणी गेलं कुठनं? ब्लॉकला आधीपासून चीर असंल आणि पाणी आतल्या आत जात असंल, तर हे इंजिन बांधणं म्हणजे फुटक्या घागरीला कल्हई. मग दुसरंच बघा. पण पाणी बाहेर गळून गेलं असंल, तर ब्लॉक चांगला असायचा संभव हाय. आता नळी तर पार फुटलीय. ती आधी गळत होती का तापल्यावर फुटली, ते कसं कळणार?"

आण्णा म्हणाले, "सकाळी पोरानं पाणी भरलं होतं. गळत असतं तर बोलला असता."

मित्रांनो, माझ्या पोटात गोळा आला. गप्प बसलो असतो तर कोणाला कळले नसते. पण काका कुर्ल्याला कधी निघायचे ते विचारू लागले होते, आणि ताई कपबशा गोळा करत होती. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "आण्णा, खालची नळी सकाळीच गळत होती. मी बघितलं होतं. खेळायच्या नादात सांगितलं नाही."

ओट्यावर कोणीच बोलेना. मला वाटले, आता मार बसणार. आण्णा बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "टेंपरेचरचा काटा सहा महिने बंद हाय. तो चालू असता तर मला वेळेत कळलं असतं. उद्या करू, उद्या करू म्हणत मीच राहिलो. दोघांचं बी चुकलं."

फिटरमामा म्हणाले, "पोरानं सांगितलं ते बरं झालं. मग एवढ्यात इंजिन विकत घेऊ नका. आधी उघडून तपासू."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी गुरुजींना विचारले, की पाणी संपल्यावर एवढे मोठे इंजिन का मरते. गुरुजींनी सायकलचा पंप आणायला लावला. तोंड बोटाने दाबून भराभर पंप मारल्यावर तो खालच्या बाजूला गरम लागला. गुरुजी म्हणाले, "हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल यांनी याच तत्त्वावर इंजिन बनवले. १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे ते यशस्वी चालले. त्यात ठिणगीचा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते." आत सारखा जाळ होतो, म्हणून बाहेरून पाणी फिरवून इंजिन थंड ठेवावे लागते. पाणी संपले तर पिस्टन तापून फुगतो आणि ज्या नळकांड्यात तो वरखाली होतो त्यालाच घासून अडकतो. त्या नळकांड्याला फिटरमामा लायनर म्हणतात.

मग आमचे इंजिन उतरवले. मी शाळा सुटल्यावर रोज गॅरेजला जात असे. सहापैकी दोन पिस्टन घासले होते आणि त्यांच्या लायनरवर ओरखडे पडले होते. हेड तापून वाकले होते, त्यामुळे गॅस्केट जळून पाणी ऑईलात गेले होते. ब्लॉक कऱ्हाडला नेऊन पाण्याच्या दाबाखाली तपासला. आण्णा तिथे हात जोडून उभे होते. कुठेही चीर निघाली नाही. क्रँक मायक्रोमीटरने मोजला. तो थोडा घासून चालणार होता. त्या मापाचे बेअरिंग मिळतात.

मग ठरले, आपलेच इंजिन बांधायचे. लायनर आणि पिस्टन मात्र सहाही नवे टाकले. फिटरमामांनी रेडिएटर उघडून आतला गाळ काढला, नळ्या बदलल्या, पाण्याचा पंप नवा बसवला आणि सगळ्यात आधी काटा चालू केला. ते म्हणाले, "दुखणं तसंच ठेवून नवं इंजिन बसवलं असतं, तर तेबी याच घाटात मेलं असतं."

खर्च अंदाजापेक्षा थोडा जास्तच आला. आईने पाटल्या गहाण ठेवल्या. एक हप्ता थकला, तो आण्णांनी बँकेत जाऊन मुदत मागून भरला. पण ताईच्या फीला हात लावला नाही. ती आता नर्सिंगला आहे.

इंजिन पहिल्यांदा सुरू केले, तेव्हा आधी हाताने पंप मारून डिझेलमधली हवा काढली. दोनदा नुसताच घुरघुरला. तिसऱ्यांदा धूर सोडून चालू झाला. आजीने नारळ फोडला. सुरुवातीला आण्णा कमी माल भरून हळू चालवत होते. नव्या रिंगा बसायला वेळ लागतो.

मित्रांनो, तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, पाण्याचे इंजिन असेल. कुठे काही गळताना, वाजताना, हलताना दिसले तर लगेच मोठ्यांना सांगा. खेळ पाच मिनिटे थांबतो. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते.

आता गाडी निघताना आण्णा मला केबिनमधून विचारतात, "पाणी?"

मी सांगतो, "भरलं. खाली वाकून बघितलं. कोरडं हाय."

मगच ते गिअर टाकतात.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थी