वहीचे पुढे काय होते?

परिचारिकेचे शिक्षण म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरी खाट येते. मी परिचर्या शिकवते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक पिशवी येते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलामुलींना ती घेऊन वस्तीतून हिंडावे लागते. तिचे सोवळे तर माझ्या आजीच्या सोवळ्याहून कडक! आधी वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर पिशवी ठेवायची, साबण काढून हात धुवायचे आणि मगच बाकीच्या सामानाला हात लावायचा.

हे सारे महिन्याभरात जमते. जमत नाही ते दुसऱ्याच्या घरात बसणे.

एकदा एक विद्यार्थिनी दीड वर्षाच्या बाळाच्या दंडाला फीत लावीत होती. १२.५ सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग, ११.५ च्या खाली तांबडा, मधला पिवळा. फीत पिवळ्यावर थांबली. मुलीने लागलीच दूध, अंडी, डाळी असा पाठ म्हणून दाखवला. बाळाच्या आजीने तो शांतपणे ऐकून घेतला.

"मागल्या सालच्या पोरीनंबी ह्येच सांगितलं, बाई. वहीत लिहून नेलं. त्या वहीचं पुढं काय झालं?"

वहीला गुण मिळतात आणि ती कपाटात जाते. म्हणजे सेवा आमच्या नावावर, शिकणेही आमचेच. त्या घराच्या पदरात काय?

मुलीने वही मिटली. "आजी, आज काय रांधलंय?" तिने विचारले. भाकरी आणि कालवण होते. डब्यात शेंगदाण्याचे कूट होते, पण ते मोठ्यांच्या ताटात जाई. मग कुस्करलेल्या भाकरीत कूट नि चमचाभर तेल घालून बाळाला दिवसातून किती वेळा भरवायचे, ते दोघींनी मिळून ठरवले. बाळाचे नाव अंगणवाडीतही घातले.

रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, फारशी अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. त्यामुळे ज्ञान गावात मुक्कामाला राहिले. आमचे विद्यार्थी पाहुणे, ते जाणारच.

म्हणून आता आमच्याकडे नव्या तुकडीला जुनीच घरे आणि जुन्याच वह्या मिळतात. शिवाय निघताना, वहीत काय लिहिले ते घरच्यांना वाचून दाखवावे लागते. परीक्षकापेक्षा ते ऐकणारे कान अधिक तिखट असतात, हे मुलांना फार लवकर कळते!