बरं, बघते

स्वमूल्यमापनाचा फॉर्म पुन्हा आलाय. गेल्या साली 'उल्लेखनीय कामगिरी'च्या रकान्यात मी लिहिलं होतं : 'नेमून दिलेली कामे वेळेत केली.' पाच शब्दांत वर्ष उरकलं. मार्चअखेरीला रात्री साडेनऊपर्यंत बसून शोधलेला ताळेबंदातला फरक, नव्या मुलाला शिकवलेलं जीएसटीचं काम, निवृत्त झालेल्या वरिष्ठांचं टेबल, यातलं एक अक्षर नाही.

*

लग्न ठरवताना मुलीचे गुण सांगायचे ते मावशीने. आईने नुसतं 'आमची अगदी साधी हो' म्हणायचं. पद्धत छान होती. पण ऑफिसात मावशी कुठून आणायची?

*

पाठवलेल्या मेल चाळल्या. 'ताळमेळ झाला आहे.' 'विवरणपत्र भरले गेले आहे.' सगळं आपोआप घडल्यासारखं, करणारी कुठेच नाही. एका मेलमध्ये मात्र मी ठळक आहे : 'माझ्याकडून आकडा चुकला.'

*

देव दत्त यांचा खटला वाचला. सीमा रस्ते संघटनेतले अभियंते. १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात त्यांना शेरा मिळाला 'चांगला'. बढतीला पाच वर्षं 'अतिशय चांगला' लागत होता, त्यामुळे ती हुकली. शेरा त्यांना कळवलाही नव्हता, कारण कळवायचे ते फक्त प्रतिकूल शेरे, आणि 'चांगला' प्रतिकूल कसा असेल? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा कसाही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते.

माझ्या फॉर्मवर साहेबांनी दोन वर्षं 'चांगले काम' लिहिलंय. मी ते घरी सांगून पेढेसुद्धा आणले होते.

*

आज भांडी घासून झाल्यावर कामाच्या मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"ताई, एक तारखेपासून तीनशे वाढवा. पाहुणे आल्यापासून भांडी दुप्पट झालीत."

एवढंच. महागाई नाही, मुलाची फी नाही, 'राग मानू नका' नाही. बोलून झाल्यावर हात पुसत थांबल्या. ती शांतता मलाच सोसेना.

"बरं, बघते," मी म्हटलं.

"बघा. शुक्रवारी विचारते."

शब्द तोंडातून गेल्यावर कळलं, हे तर आमच्या साहेबांचं वाक्य. तेही असंच, दुसरीकडे बघत म्हणतात. (तीनशे दिले. शुक्रवारच्या आधीच.)

*

कागदावर लिहून काढलं : वरिष्ठ निवृत्त झाल्याला चौदा महिने. त्यांची बँक जुळवणी, त्यांचं लेखापरीक्षण, दोन्ही माझ्याकडे. पदनाम जुनं, पगार जुना. मागणी एकच : पद द्या, नाहीतर अतिरिक्त कामाचा भत्ता. 'घर चालवणं अवघड जातंय' असंही लिहिलं होतं, ते खोडलं. अवघड जातंय हे खरं आहे, पण त्याचा लेखापरीक्षणाशी काय संबंध?

*

आज गेले. कागद पुढे ठेवला, बोलले, आणि गप्प बसले. मावशींइतकं जमलं नाही. मध्येच 'म्हणजे, तुमच्या सोयीने' असं पुटपुटलेच. साहेबांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"बरं, बघतो."

"सोमवारी विचारायला येते, सर."

बाहेर आल्यावर आठवलं, दार ढकलताना मी 'सॉरी हं, त्रास देते' म्हटलं होतं.