दिसला, की भास झाला?

धडा पचनसंस्थेचा असो नाहीतर विद्युतचुंबकाचा, आमच्या उर्दू शाळेतल्या वर्गात शेवटच्या बाकावरून एक हात वर होतोच. ‘सर, वहाँ ऊपर सच्ची कोई है क्या?’ बी.एड.च्या वेळी पाठ टाचणात आम्ही ‘अपेक्षित उत्तर’ असा रकाना आखत असू. या प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात मावत नाही.

पृथ्वीबाहेरच्या जीवनाचा शोध घेणाऱ्या शास्त्राला खगोलजीवशास्त्र म्हणतात. मोठे अजब शास्त्र! ज्याचा अभ्यास करायचा तेच अजून एकदाही हाती लागलेले नाही. तरी हजारो माणसे त्यासाठी राबतात. आमच्या मते यातले सर्वांत कठीण काम दुर्बिणीपाशी नाही, ते लोकांना सांगण्यात आहे.

एप्रिल २०२५ मधली बातमी आठवते का? सिंह राशीच्या दिशेला, १२४ प्रकाशवर्षांवर के२-१८बी नावाचा ग्रह आहे. केंब्रिज विद्यापीठातले मूळ भारतीय शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब दुर्बिणीतून त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या खुणा दिसल्या. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होतो. मग काय, ‘परग्रहावर जीवसृष्टी!’ असे मथळे झळकले. वास्तविक त्या गटानेच सांगितले होते की असा संकेत निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता हजारात तीन आहे, आणि शोध म्हणून मान्यता मिळायला ती दहा लाखांत एकाहूनही कमी असावी लागते. मथळ्यांत ते हजारातले तीन गळून पडले. पुढे इतर खगोलशास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे तपासली आणि पुरावा अपुरा ठरवला. शिवाय हा वायू धूमकेतूच्या पदार्थातही आढळलेला आहे, आणि तिथे कोणी जीव राहत नाही.

नववीतल्या एका मुलीने तेव्हा विचारले, ‘सर, पेपर में आया मिली, फिर आया नहीं मिली. तो झूठा कौन?’

हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २०२१ साली कोरोनाच्या लसीसाठी आम्ही शिक्षक मोहल्ल्यात घरोघर फिरलो. दारात एक चाचा म्हणाले, ‘मास्टर, तुम्हारे साइन्सवाले रोज बात बदलते.’ विज्ञान चमत्कारासारखे सांगितले की चमत्कार फसल्यावर लोक विज्ञानालाच खोटे ठरवतात, आणि त्याची किंमत ग्रहताऱ्यांना मोजावी लागत नाही, आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोजावी लागते.

त्या मुलीला आम्ही ईदच्या चाँदरातीची आठवण दिली. एकोणतिसाव्या रोजाला मगरीबनंतर सगळी गल्ली गच्चीवर असते. कोणीतरी पोर ओरडते, ‘दिखा!’ लगेच ईद होते का? नाही. मोठी माणसे विचारतात, कुठे दिसला? किती उंचावर? टोके कुठल्या बाजूला होती? ढगाची चिरी नव्हती ना, विमानाचा धूर नव्हता ना? आणखी कोणी पाहिला? मग गवाही हिलाल कमिटीपर्यंत जाते. ओरडणाऱ्या पोराला कोणी झूठा म्हणत नाही. पण त्याच्या एकट्याच्या ओरडण्यावर शीरखुर्माही शिजत नाही.

नासाचे जेम्स ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सुचवलेली सात पायऱ्यांची शिडी आम्हाला याच जातीची वाटते. पहिली पायरी खूण दिसण्याची. दुसरी, ती आपल्याच उपकरणातली भेसळ नाही ना हे पाहण्याची. त्यापुढे, जीवाशिवाय ती खूण होऊ शकते का याची झडती, दुसरा स्वतंत्र पुरावा, आणि शेवटी इतरांनी केलेली पडताळणी. म्हणजे बातमी कितव्या पायरीवरची आहे, एवढे वाचकाला कळले तरी पुष्कळ झाले.

आपल्या देशातले उदाहरण तर फारच बोलके आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याच्या पेटीत पोलादी नळ्या होत्या. त्या निर्जंतुक करून आतली हवा काढून घेतलेली होती. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या या नळ्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा ओढून घेतली. नमुने हैदराबाद आणि पुणे अशा दोन ठिकाणच्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले गेले. हीच ती दुसरी गवाही! जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. तीन जीवाणू तोवर कोणालाच माहीत नसलेले निघाले. एकाला शास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे नाव दिले, एकाला इस्रोचे, एकाला आर्यभटाचे.

या प्रयोगामागे डॉ. जयंत नारळीकर होते. ते हॉयल यांचे शिष्य, आणि जीवनाची बीजे अंतराळातून आली असावीत हे हॉयल यांचे आवडते मत. गुरूचे मत खरे ठरवण्याची याहून चांगली संधी कोणती? पण मार्च २००९ मध्ये इस्रोने निष्कर्ष जाहीर केले तेव्हा, हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत असे यातून सिद्ध होत नाही, हेही स्पष्टपणे सांगितले. पुढे आर्यभटाच्या नावाचा तो जीवाणू झाडांच्या मुळांभोवतीच्या मातीतही सापडला. त्या घाईत कोणी नसल्यामुळे माघार घ्यायची पाळी कोणावर आली नाही.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. मुले सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, सहीनिशी उत्तर मिळेल. ही रीत आम्ही उचलली आहे. आमच्या सहीला कोण विचारतो, म्हणून फक्त प्रश्न मागवतो. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, दोन्हींची खिचडी करा. वर्गात गुब्बारा आणि फुगा, जरासीम आणि जीवाणू शेजारी शेजारी बसतात, कोणाचे काही अडत नाही. ‘इमकान’ आणि ‘सुबूत’ या दोन शब्दांतला फरक मात्र आम्ही सहामाहीत हटकून विचारतो.

फुग्याची गोष्ट सांगितल्यानंतर त्याच मुलीचे कार्ड आले. तिने लिहिले होते, ‘जरासीम ऊपर भी मिला और मिट्टी में भी मिला. तो वो नीचे से ऊपर गया कि ऊपर से नीचे आया, ये कैसे समझेगा?’

कार्ड आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लावले आणि खाली खडूने लिहिले, ‘पायरी कितवी?’ मधल्या सुट्टीत परत आलो तर फळ्याशी सहा-सात जण भांडत होते. निम्मे दुसरीवर अडले होते, निम्मे चौथीवर.