विजेची परतीची वाट

मैत्रिणींनो, नवऱ्याचा छंद नाटकाचा असो, कबुतरांचा असो की मोटारीचा, त्याचा निम्मा भार आपल्या संसारावर पडतोच. आमच्याकडे तो मोटारीचा! १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, जिला कोल्हापुरात अजून सगळे ‘फियाट’च म्हणतात, चार वर्षं आमच्या अंगणात उघडी पडली होती. ह्यांना ती नुसती दुरुस्त करायची नव्हती, पळवायची होती. १०८९ सीसीचं इंजिन उद्यमनगरातून नव्यानं बोअर करून आणलं, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले, डायनामो काढून आल्टरनेटर घातला, शेवटी लालभडक रंग दिला. शाळेतल्या माझ्या अर्धवेळ पगारातून लावलेली भिशीही त्यातच गेली.

गाडी पुरी झाली आणि चालूच होईना! स्टार्टर नुसता कण्हायचा. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा. एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, “बॅटरी गेली.” नवी आणली, रोग तोच. दुसरा म्हणाला, “सगळं वायरिंग बदला.” खर्चाचा आकडा ऐकून हे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “देऊन टाकू भंगारात.” हौसेपोटी माणूस चार वर्षं राबतो आणि असा खचतो, हे काही मला बघवेना. म्हटलं, “भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक रविवार मला द्या.”

त्या रविवारी ह्यांनी किल्ली फिरवली, तेव्हा आमची नववीतली लेक बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी होती. एकदम ओरडली, “आई गं, ही चोकची तार केवढी तापलीय!”

आता चोकची तार म्हणजे नुसती ओढायची दोरी. तिच्यात वीज जाईलच कशाला? मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. पण हा प्रश्न मी सोडला नाही.

घरात विजेला जायला एक तार असते आणि यायला दुसरी. मोटारीत बहुतेक ठिकाणी परतीची तार नसते, गाडीचा पत्राच ते काम करतो. पण इंजिन बसलेलं असतं रबरावर. म्हणून इंजिन आणि पत्रा जोडणारी एक जाड अर्थची पट्टी लागते. स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. ही पट्टी नीट टेकली नाही, तर वीज सापडेल त्या वाटेनं, चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून परत फिरते. बारीक तार ती, तापणारच. आणि शेजारी पेट्रोल! अंगावर काटाच आला.

मग साधा मल्टिमीटर आणला. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि स्टार्टर मारला. काटा अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. आमचा ४ वर गेला. पट्टीचा बोल्ट खोलला, तर खाली तोच लालभडक रंग! रंगातून वीज कशी जाणार? पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन लावलं. मागच्या दिव्याच्या अर्थलाही हाच उपाय केला. पुन्हा किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन गरजलं. हे काही बोलले नाहीत; पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुमच्या दारातल्या जुन्या गाडीलाही हे लागू आहे. नवी बॅटरी घेण्याआधी मेकॅनिकला सांगा, “आधी अर्थ बघा.” रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. तेवढे आकडे वहीत लिहून ठेवा.

आणि हो, बॅटरीला हात लावण्याआधी पाटल्या, बांगड्या, अंगठी उतरवून ठेवा. बॅटरीची खुंटी आणि पत्रा यांच्यामध्ये सोनं आलं, तर क्षणात तापून कातडी भाजते. तार सोडवताना आधी ऋण बाजूची सोडवायची, जोडताना तीच शेवटी.