२०३२ पर्यंत कुणी हात लावू नये

सेंटओएस सात ३० जून २०२४ ला संपलं. त्यानंतर यम अपडेट मारलं की मिररलिस्ट सापडत नाही, एवढंच उत्तर. आठवर गेलेल्यांचे हाल आधीच झाले होते. २०२९ पर्यंत चालेल म्हणून सर्व्हर उभे केले आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटनं सांगितलं, २०२१ अखेर बंद. धाकटं आधी गेलं, थोरलं पुढं अडीच वर्षं जगलं. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत सातच होतं, ते निव्वळ नशीब.

आता अल्मा नऊ की डेबियन बारा? अल्मा मे २०३२ पर्यंत, डेबियन जून २०२८. पण माझी झोप उडवली ती स्पेक्ट्रोमीटरच्या पीसीनं. तो एक्सपीवर. प्रत्येक हीटचा कार्बन, सिलिकॉन तिथून सर्व्हरवर येतो आणि त्यावर टेस्ट सर्टिफिकेट निघतं. एक्सपीला एसएमबी-वनच कळतं, आणि सांबानं ते ४.११ पासून मुळातच बंद ठेवलंय. उघडायला कॉन्फिगमध्ये एक ओळ पुरते, सर्व्हर मिनिमम प्रोटोकॉल एनटी-वन. पण २०१७ मध्ये वॉनाक्राय विंडोजमधल्या याच प्रोटोकॉलच्या भोकातून पसरला होता. ओळ लिहायची, खोडायची. मधे छोटं मशिन ठेवून फक्त त्या पीसीपुरता एकच शेअर द्यावा म्हटलं, तर ते मशिन कशावर चालवायचं? परत तिथंच.

"सर, पीसीच बदलूया की," हाताखालचा पोरगा म्हणतो. अरे, ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही, आणि नव्या स्पेक्ट्रोमीटरच्या पैशात आपली आख्खी सर्व्हर रूम येईल.

डीलर मालकांच्या कानाला लागतात, "फुकटच्या मागं कोण उभं राहणार?" मागं कंपनी असल्याचं सुख सेंटओएसवाल्यांना विचारा. २०२३ मध्ये तर रेड हॅटनं एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स उघड्यावर ठेवणंही थांबवलं. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांवर चाललंय.

एवढं बोलूनही मला हवं होतं अल्माच. मी लवकरच रिटायर होणार, आणि २०३२ पर्यंत माझ्या मांडणीला कुणी हात लावू नये, ही खरी हाव. पाहुण्यांना अपटाइम दाखवून मिरवणारा माणूस मी. रीबूट नाही म्हणजे कर्नलचे पॅचही लागलेले नाहीत, हे ठाऊक असून.

पोरगा म्हणाला, "डेबियनला अपग्रेड लवकर करावं लागेल, तेवढंच माझं शिकणं होईल." डेबियनच टाकलं. एनटी-वनची ओळ मात्र मी स्वतः लिहिली, आणि वरच्या कॉमेंटमध्ये माझं नाव घातलं.