काळजी की पहारा?

दुपारच्या सुटीत आम्ही डबे उघडायला आणि तिचा फोन वाजायला एकच गाठ पडायची. ‘कुठे आहेस? बरोबर कोण आहे?’ पलीकडून यजमान विचारायचे. स्टाफरूममध्ये हशा पिकायचा. ‘नशीबवान आहेस हो! आमच्याकडं कोण एवढी चौकशी करतंय?’ असं मीच कितीदा तरी म्हटलं असेन.

एकदा कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघी खडेबाजारात गेलो. तिला एक साडी फार आवडली. ‘घे की मग,’ मी म्हटलं. ती हळूच म्हणाली, ‘कार्ड यांच्याकडं असतं. रोज बसभाड्यापुरते पैसे देतात.’ पगार माझ्याइतकाच! तेवढ्यात फोन वाजला. साडी बाजूला ठेवताना तिचा हात थरथरत होता.

वाटेत मी विचारलं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं, ‘पण त्यांनी कधी हात उचलला नाही हो. मग त्रास तरी कसा म्हणायचा?’

हाच प्रश्न घराघरांत अडलेला आहे. गालावर वळ दिसला तरच अत्याचार, असं आपण धरून चाललो आहोत. कायदा मात्र तसं मानत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. बायकोला तिचा स्वतःचा पगार वापरू न देणं, नोकरीला मज्जाव करणं, कुणाला भेटू न देणं, सतत पाणउतारा करणं, हे सगळं त्यात येतं.

मग काळजी आणि पहारा यांतला फरक ओळखायचा कसा? मला एक साधी खूण सापडली आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर काय होतं? काळजी करणारा माणूस थोडा रुसेल आणि विसरून जाईल. पहारा करणाऱ्या घरात त्या ‘नाही’ची किंमत चार-चार दिवस अबोला धरून, टोमणे मारून, मुलांवर राग काढून वसूल होते. पुढं पुढं ती ‘नाही’ म्हणायचंच सोडून देते. मग बाहेरून संसार कसा छान दिसतो!

अशी कुणी आपल्याजवळ बोललीच, तर ‘सांभाळून घे’ म्हणू नये. परस्पर तिच्या नवऱ्याला समजावायलाही जाऊ नये. त्याचा राग शेवटी तिच्यावरच निघतो. आधी ऐकावं, विश्वास ठेवावा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, कायद्यानं नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, हे तिला सांगून ठेवावं. पाऊल कधी उचलायचं, ते तिला ठरवू द्यावं.

हे सारं तिला विचारूनच लिहिते आहे. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. पण डब्याच्या वेळी फोन वाजला की आता मी हसत नाही. तो ठेवून झाल्यावर ती माझ्याकडं बघते आणि मी नुसतं विचारते, ‘बोलायचं आहे?’

कधी ती मान हलवते, कधी बोलते.