बंबाचं पाणी, कार्डाचं व्याज

रेवदंड्यात थंडीसाठी खर्च कसला? तापवायचं ते आंघोळीचं पाणी. दोन किलोवॉटचा गीझर तासभर चालला की दोन युनिटं गेली. मागल्या दारी सोडणं नि करवंट्या फुकट पडलेल्या, म्हणून तांब्याचा बंब पुन्हा पेटू लागला. धुराने ह्यांना खोकला येतो, पण कुरकुर नाही. थकलेलं क्रेडिट कार्ड ह्यांच्या नावावर आहे ना!

३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नव्या रोपाला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर घर कार्डावर चाललं. ‘किमान रक्कम’ भरली की दंड टळतो, पण उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. सावकारही लाजेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केली.

परवा मीच म्हटलं, “अहो, बांगड्या ठेवून सोनेतारण घेऊ आणि कार्ड एकदाचं फेडू.” तिथे व्याज पुष्कळ कमी. हे गप्प, फक्त हिशेबाची वही पुढे ओढली. बांगड्या माझ्या, तेव्हा शेवटचा शब्दही माझा. सोमवारी अलिबागला जायचं ठरलंय.